वाकडी डोलकाठी

माझ्या नवऱ्याचा खऱ्या अर्थाने कामाचा डोळा एकच, डावा. उजवा लहानपणापासून आळशी. त्याला उजेड कळतो, समोरून येणारा माणूस कळतो, जाडजूड अक्षरं कळतात, पण बारीक काही दिसत नाही. त्या एका डाव्या डोळ्यावर त्याने शाळा काढली, मेडिकल कॉलेज काढलं आणि पुढे एडिनबरामधल्या हॉस्पिटलात निवृत्त होईपर्यंत लोकांची मोडलेली हाडं सरळ बसवली. तो डोळा जायला लागला तेव्हा आम्ही दोघं डॉक्टर घरात बसून एका अमेरिकन चित्रकाराची चौकशी करत होतो. चित्रकार एकोणिसाव्या शतकातला, कधीच मरून गेलेला. तरी आमचा सगळा संशय त्याच्यावर, त्याच्या चित्रावर आणि ते चित्र ज्या ज्या हातांतून गेलं त्या सगळ्यांवर. डोळ्यावर संशय घ्यायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

संशय हा तसा माझा धंदाच. मी भूलतज्ज्ञ होते. मॉनिटरवर सगळं ठीक दिसत असतानाही पेशंटच्या ओठांचा रंग बघायचा, सर्जन "झालंच आता" म्हणाला की अजून बराच वेळ आहे असं समजायचं, आणि "सकाळपासून पोटात काही नाही" असं शपथेवर सांगणाऱ्याने चहाबरोबर बिस्किट खाल्लेलं असणार हे धरून चालायचं. निवृत्त झाल्यावर हा स्वभाव कुठे टाकून देणार? तो माझ्याबरोबर घरी आला. कचऱ्याचे बिन रिकामे करणारे लोक मुद्दाम आमच्याच बिनचं झाकण उघडं टाकतात, आणि शेजारीण माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीकडे नको तितकं बघते, याबद्दल माझी खात्री आहे. नवरा नेमका उलट. समोरच्याने सांगितलं की ते खरं. आम्ही कॉलेजपासून एकमेकांना ओळखतो, आणि कॉलेजपासून त्याला कोणीही काहीही विकू शकतं.

"तुला रोज भांडायला कोणीतरी लागतं," तो म्हणतो. "माणूस नाही मिळाला तर तुला हवामान खातंसुद्धा चालतं."

चित्र आमच्याकडे आलं ते असंच. आम्ही फाइफच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या एका गावी फिरायला गेलो होतो. तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात ते भिंतीवर होतं. तीन डोलकाठ्यांचं जहाज, सगळी शिडं फुगलेली, मागे ढगाळ आकाश आणि लांबवर लीथच्या, म्हणजे एडिनबराच्या बंदराच्या, बाजूचा किनारा. नवरा दारातच थांबला. त्याने उजवा डोळा मिटला आणि डाव्याने मधल्या डोलकाठीवर खालपासून वरपर्यंत नजर फिरवली. ही त्याची ऑपरेशन थिएटरमधली सवय. हाडाला प्लेट बसवली की सुतार फळीकडे बघतो तसं एक डोळा मिटून बघायचं. "काय सरळ आहे बघ," तो म्हणाला. दुकानदाराने सांगितलं की चित्रावर सही नाही, पण बहुतेक ते एका अमेरिकन चित्रकाराचं आहे, तो काही वर्षं इकडे लीथला येऊन राहिला होता. त्या "बहुतेक"ने माझ्या मनात पाल चुकचुकली. नवऱ्याने तो शब्द ऐकलाच नाही. चित्र आमच्या बैठकीच्या खोलीत लागलं आणि काही वर्षं सुखाने राहिलं.

आमच्या इथल्या मराठी मंडळात एक प्रथा आहे. हिवाळ्यात महिन्यातून एकदा कोणत्यातरी जोडप्याने व्याख्यान द्यायचं आणि मग सगळ्यांनी मिळून बटाटेवडे खायचे. व्याख्यान म्हणजे बहुधा अलास्काच्या क्रूझचे फोटो, नाहीतर मधुमेह. आमची पाळी आली तेव्हा नवऱ्याने विषय दिला, एका अमेरिकन सागरचित्रकाराचं आयुष्य. मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा मला फोन आला.

"अहो, अमेरिकन का पण? तो कधी इंडियाला वगैरे गेला होता का?"

"नाही."

"मग निदान मुंबईच्या हार्बरचं एखादं पेंटिंग?"

"तेही नाही."

"बरं. वडे मात्र तुम्हीच करताय ना?"

वडे माझ्याकडे आले, व्याख्यान त्याच्याकडे. पण पुस्तकं वाचायचं काम कसं कोण जाणे, तेही माझ्याकडे आलं. "छपाई फार वाईट आहे गं," तो म्हणायचा. "ओळी वरखाली छापल्यात. तूच वाच मोठ्याने." मला वाटलं, आळस. कॉलेजातही तो माझ्या नोट्सवर पास झाला होता.

तर मी वाचायची आणि तो ऐकायचा. त्या चित्रकाराचा जन्म अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावातला. बाप शिडं शिवायचा. पोरगा माळ्यावर पसरलेल्या जाड कापडावर लोळत वाढला. कुठल्या शिडाला शिवण कुठे येते आणि कुठला दोर कुठल्या कडीतून जातो, हे त्याला अक्षरओळखीच्या आधी कळत होतं. पुढे त्याला पाट्या रंगवणाऱ्याच्या हाताखाली लावलं, तिथे तो जहाजांच्या मागच्या बाजूला नावं रंगवायला शिकला. एकदा एका कप्तानाने नाव रंगवून झाल्यावर विचारलं, अख्खं जहाजच काढून देशील का? तिथून त्याचा धंदा सुरू झाला.

हा कप्तान मला पहिल्यापासून पटला नाही. प्रत्येक थोर माणसाच्या चरित्रात असा एक जण बरोब्बर वेळेवर दारात येऊन उभा राहतो. आमच्या आयुष्यात तर कोणी आला नाही. कप्तान पोराने स्वतःच गाठला असणार, चिकटपणे मागे लागला असणार आणि म्हातारपणी गोष्ट उलटी करून सांगितली असणार. नवरा म्हणाला, "असेल. पण जहाज काढलं ना?"

काढलं. एक नाही, शेकड्यांनी काढली. त्याची काम करायची पद्धत मला फार आवडली, कारण तिच्यात उघड लबाडी होती. बंदर थंडीत सुस्त पडलं की तो नुसते समुद्र रंगवून ठेवायचा. लाटा, ढग, लांबवर एखादी किनाऱ्याची रेघ आणि मधली जागा मोकळी. वसंतात जहाजं आली की ज्याचं त्याचं जहाज त्या मोकळ्या जागेत बसवून द्यायचं. म्हणजे देवमाशांच्या मागे जाणारं जहाज आणि लाकूड वाहणारं जहाज एकाच लाटेवर डोलतंय! कोणाला पत्ताही नाही. कारण कप्तान मंडळी समुद्राकडे बघतच नव्हती. समुद्र त्यांनी पुष्कळ बघितला होता. ते बघायचे स्वतःचं जहाज. चित्रासमोर उभं राहून एकेक दोर बोटाने मोजायचे. समुद्र कसाही चालायचा, पण डोलकाठी केसभर कललेली चालायची नाही. त्यामुळे तो डोलकाठ्या आणि दोर हाताने काढतच नव्हता. पट्टी लावायचा आणि बारीक टोकाने रेघ ओढायचा. सगळी पुस्तकं इतर बाबतींत आपसांत भांडतात, पण एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे. या माणसाने आयुष्यात वाकडी डोलकाठी काढली नाही.

"पट्टीचं दुसरं टोक कोण धरत होतं?" मी विचारलं. "एवढ्या लांब रेघा एकट्या माणसाला ओढता येतील? बायको असणार. निम्मे दोर तिनेच ओढले असणार. पुस्तकात तिचं नाव आहे का बघ. एका ओळीत लग्न आणि एका ओळीत मरण."

"हे मी व्याख्यानात सांगू?"

"मी वडे तळत असेन तेव्हा सांग. मला ऐकायला नको, राग येतो."

मग तो इकडे आला. का आला हे कोणी धड सांगत नाही. जुन्या थोर चित्रकारांचा अभ्यास करायला, असं एक पुस्तक म्हणतं. मला तिथेही पाणी मुरताना दिसलं. चांगला चाललेला धंदा सोडून माणूस समुद्र ओलांडतो तो अभ्यासाला? घरात कोणाशी तरी बिनसलं असणार. लीथला तो बंदराजवळ एका खोलीत राहिला आणि इथल्या कप्तानांची जहाजं काढू लागला. एडिनबराच्या जाणकारांनी त्याच्या लाटांना नावं ठेवली, त्याच्या बोलण्याची थट्टा केली. इथे मात्र नवरा हळवा झाला. "बिचारा," तो म्हणाला, "परक्या गावात येऊन एकच काम मन लावून केलं. सरळ ते सरळ काढलं." आम्ही इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात त्याच्या उच्चारांवर वॉर्डात लोक हसायचे आणि तो घरी येऊन ते मला विनोद म्हणून सांगायचा. ते विनोद नव्हते हे मला तेव्हाही कळत होतं.

व्याख्यानाच्या तयारीत त्याने ठरवलं की चित्र हॉलमध्ये न्यायचं, सगळ्यांना दाखवायचं. त्यावर धूर आणि फोडण्या बसून आकाश पिवळं पडलं होतं, म्हणून ते साफ करायला दिलं. लीथमध्ये जुनी चित्रं साफ करणारी एक बाई आहे, शांत, हळू बोलणारी. तिने चित्र ठेवून घेतलं आणि शरद संपता संपता परत दिलं. आकाश राखाडी झालं, किनाऱ्यावर एक चर्चचा मनोरा उगवला. आम्ही खूश. चित्र भिंतीवर गेलं.

मग एका सकाळी नवरा चहा घेऊन समोरच्या खुर्चीत बसला होता, त्याने उजवा डोळा मिटला आणि म्हणाला, "ही डोलकाठी वाकडी आहे."

"कुठली?"

"मधली. मध्यावर बाक आलाय. आधी नव्हता."

मी उठून जवळ गेले. आणि इथे मला जे झालं ते कोणालाही खोटं वाटेल. मला ती डोलकाठी वाकडी दिसली. अगदी थोडी, पण दिसली. संशयाने बघितलं की मला काहीही वाकडं दिसतं. मी म्हणाले, "हो रे. डावीकडे जातेय." माझ्या त्या एका "हो"ने पुढचे सगळे आठवडे वाया गेले. मी "नाही" म्हटलं असतं तर आम्ही भांडलो असतो, आणि भांडताना काहीतरी कळलं असतं. एरवी प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणारी मी, तेव्हा हो म्हणाले.

आता आमची गाडी सुसाट सुटली. चित्रकार वाकडी डोलकाठी काढत नाही. आधी ती सरळ होती. चित्र बाहेर जाऊन आल्यावर वाकडी झाली. म्हणजे हे आपलं चित्र नव्हेच! बाईने खरं ठेवून घेतलं आणि कोणाकडून तरी नक्कल काढून आपल्या गळ्यात मारली. आयुष्यात पहिल्यांदा नवरा माझ्या बाजूला येऊन संशय घेत होता, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. आम्ही संध्याकाळी चहा पिता पिता त्या बाईच्या नावाने खडे फोडायचो. जुने फोटो काढून पडताळा घ्यायचा प्रयत्न केला, तर प्रत्येक फोटोत मधल्या डोलकाठीच्या पुढे कोणी ना कोणी पाहुणा हातात प्लेट घेऊन उभा.

आम्ही चित्र घेऊन लीथला गेलोसुद्धा. बाईने ते खिडकीपाशी धरलं, बराच वेळ बघितलं आणि सांगितलं की तिला काही वाकडं दिसत नाही, पण हवं तर आठवडाभर ठेवून जा, ती पुन्हा तपासेल. बाहेर आल्यावर मी नवऱ्याचा हात धरला. "पुन्हा ठेवून जा म्हणाली. ऐकलंस ना? आता पुरावाच नाहीसा करेल." आम्ही चित्र काखेत मारून परत आलो. येताना त्याने गाडी फुटपाथला घासली आणि म्हणाला, कौन्सिलने कडेचे दगड कसेही बसवलेत.

त्या दिवसांत पुष्कळ गोष्टी वाकड्या होत्या. स्वयंपाकघरातल्या टाइल्स बसवणारा माणूस बेवडा असणार, असं त्याने जाहीर केलं. पेपर घेणं त्याने बंद केलं, कारण छपाई घसरली होती. लंडनमधल्या एजवेअरला राहणारी आमची मुलगी रविवारी व्हिडिओ कॉल करते, तर तिच्या मागची पुस्तकांची फळी त्याला कललेली दिसली.

"बाबा, ती शेल्फ एकदम स्ट्रेट आहे," मुलगी म्हणाली. "मी स्वतः लेव्हल लावून चेक केला. तुझा पेंटिंग परत आला का?"

"आलं. पण खोटं आलं."

"व्हॉट डू यू मीन, खोटा? आई, हे काय चाललंय तुमचा?"

मी तिला सगळं रंगवून सांगितलं. ती इथेच जन्मलेली, तिला वाटतं आपल्या आईवडिलांना या देशात सगळेच फसवतात किंवा कोणीच फसवत नाही, आणि नक्की कुठलं ते तिला ठरवता येत नाही. ती म्हणाली, "प्लीज कोणाला सू वगैरे नका करू." नवरा म्हणाला, कोर्टात नाही, पण मंडळात सांगणार. सगळ्यांसमोर चित्र ठेवणार आणि दाखवणार की ही नक्कल आहे.

व्याख्यानाचा शेवटचा भाग अजून व्हायचा होता, चित्रकाराचं म्हातारपण. अमेरिकेत परत गेल्यावर त्याचे दिवस फिरले. वाफेची जहाजं आली, त्यांना शिडंच नाहीत. फोटो आले, कप्तान फोटो काढून घ्यायला लागले. मग हा म्हातारा कोणासाठीच नसलेली चित्रं काढत बसला. नुसतं पाणी आणि धुकं. क्षितिज कुठे संपतं ते कळत नाही, जहाज असलंच तर लांबवर एक पुसट डाग. तो मेला, विसरला गेला आणि बऱ्याच काळाने कोणीतरी तीच धुक्याची चित्रं अडगळीतून बाहेर काढून म्हटलं की हा तर थोर माणूस. शांतता, अध्यात्म, अनंत वगैरे.

मी पुस्तक खाली ठेवलं. "अध्यात्म कसलं डोंबलाचं! मोतीबिंदू होता त्याला."

"काय?"

"आयुष्यभर दोर मोजून काढणारा माणूस एकदम धुकं काढायला लागतो, आणि यांना अनंत दिसतं? त्याला दिसत नव्हतं रे. दिसत नव्हतं आणि तो कोणाला सांगत नव्हता. इतकी माणसं इतकी वर्षं ही चित्रं बघतायत, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की याचे डोळे तपासले होते का?"

नवरा हसला. "मेलेल्या पेशंटचं निदान करणं सोपं असतं. तो उलट उत्तर देत नाही."

मी स्वतःवर बेहद्द खूश होते. दोन खंड आणि दीड शतक ओलांडून मी निदान केलं होतं. ज्याचं करायला हवं होतं तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसून चहात मारी बिस्किट बुडवत होता.

व्याख्यानाच्या आदल्या दुपारी पुरावा पक्का करायचं ठरलं. नुसतं वाकडं म्हणून चालणार नाही, लोकांना दाखवायला हवं. मुलीच्या शाळेतली लांब स्टीलची पट्टी मी कपाटातून शोधून काढली. चित्र टेबलावर उभं केलं. मी पट्टी डोलकाठीला अगदी चिकटवून धरली आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. पट्टीची कड आणि डोलकाठीची कड खालपासून वरपर्यंत एकमेकींना लागून होत्या. मध्ये केसाएवढीही फट नव्हती.

"अरे, सरळ आहे," मी म्हणाले.

त्याने उजवा डोळा मिटला. "पट्टी नीट धर."

"नीटच धरलीय."

"नाही गं. वाकवू नकोस. मध्यावर वाकलीय बघ."

मी पट्टीकडे बघितलं. स्टीलची पट्टी. माझ्या हातात ताठ.

सरळ रेघा मध्यावर वाकलेल्या दिसणं म्हणजे काय, हे आम्ही दोघं एकाच वर्गात, एकाच बाकावर शिकलो होतो. म्हाताऱ्या पेशंटांना आम्ही स्वतः सांगितलं होतं की दाराची चौकट वाकडी दिसली तर थांबू नका, त्याच दिवशी या. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी खालून नको त्या रक्तवाहिन्या फुटून येतात, पडदा उचलला जातो आणि वेळ घालवला तर मधली नजर कायमची जाते. कायमची. आणि त्याच्याकडे दुसरा डोळा नव्हता.

नवरा खुर्चीत बसला. त्याने मोठा श्वास सोडला, "हुश्श" केलं आणि चक्क हसला. मला त्याचा असा राग आला की मी पट्टी टेबलावर आपटली. "हसतोस काय? तुझा डोळा चाललाय! कळतंय का तुला?"

"कळतंय," तो म्हणाला. "कोट घाल. ऑप्टिशियन अजून उघडा असेल."

ऑप्टिशियनने फोटो काढले आणि आम्हाला थेट आय क्लिनिकला पाठवलं. तिथे नवऱ्याची जागा बदलली. आयुष्यभर खुर्चीच्या ज्या बाजूला तो उभा राहिला त्याच्या समोरच्या बाजूला तो बसला, आणि आमच्या मुलीच्या वयाच्या एका डॉक्टरबाईंनी विचारलं की हे कधीपासून होतंय. "चित्र साफ करून आणल्यापासून," तो म्हणाला. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी सगळी हकिकत सांगितली. त्या हसल्या नाहीत, त्यांचे आभार. त्यांनी सांगितलं की डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, पुन्हा पुन्हा द्यावी लागतील. जे पुढे जायचं ते बहुधा थांबेल. जे झालंय त्यातलं थोडं परत येईल, सगळं येणार नाही. अजून काही आठवडे गेले असते तर बोलण्यासारखं फारसं उरलं नसतं.

ते आठवडे माझ्या मनातून जात नाहीत. भूल दिलेल्या माणसाचा श्वास क्षणभर बदलला तरी मला कळायचं. घरातला माणूस महिनोन्महिने टाइल्सना, पेपरला, फुटपाथला शिव्या देत होता आणि मला कळलं नाही. मी त्या लीथच्या बाईला फोन करून माफी मागितली. तिला आपल्यावर कसला आरोप होता हेच माहीत नव्हतं, त्यामुळे माफी समजावून सांगायला बराच वेळ लागला.

व्याख्यान पुढच्या महिन्यावर गेलं, पण झालं. नवऱ्याने सगळं तोंडपाठ केलं होतं. शिडं शिवणारा बाप, रंगवून ठेवलेले समुद्र, पट्टी, लीथची खोली. "दोर ओढायला बायको मदत करत असावी, असं माझ्या पत्नीचं मत आहे," हेही त्याने सांगितलं आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी कोणीतरी विचारलं, म्हातारपणी तो सगळं धूसर का काढायला लागला? मी किचनच्या दारात झारा घेऊन उभी होते. नवरा म्हणाला, "त्याला तसं दिसत असेल." मग सगळे वड्यांकडे वळले.

आता तो गाडी चालवत नाही. क्लिनिकला आम्ही बसने जातो. इंजेक्शननंतर डोळ्यावर प्लास्टिकची झापड चिकटवलेली असते, म्हणून मी त्याला खिडकीशी बसवते आणि स्वतः त्याच्या शेजारी बसते. परवा असेच परत येत होतो. बाहेर पाऊस नव्हता, पण काचा धुरकट होत्या, आणि मला एकदम एक प्रश्न सुचला. इतक्या दिवसांत तो मला का सुचला नव्हता, कोण जाणे.

"तुला डोलकाठी वाकडी दिसली, टाइल्स वाकड्या दिसल्या, फळी वाकडी दिसली," मी म्हणाले. "मी कशी दिसत होते?"

तो खिडकीकडे वळला.

"तोंड एका बाजूला ओढल्यासारखं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"चित्राच्या आधीपासून."

"आणि बोलला नाहीस?"

"मला वाटलं, तुला छोटा स्ट्रोक येऊन गेलाय आणि तुला कळलेलं नाही. आधी खात्री करावी म्हटलं. घाबरवू कशाला?"

तेव्हा माझ्या डोक्यात एकेक गोष्ट लागायला लागली. तो करायचा त्या भाजीत मीठ कमी पडायला लागलं होतं, मला वाटलं त्याची चव गेली; तो माझं ब्लडप्रेशर सांभाळत होता. सकाळी चहाचा भरलेला कप तो माझ्या डाव्या हातातच द्यायचा, पकड सुटते का ते बघायला. बाजाराची पिशवी माझ्या हातून काढून घ्यायचा. आणि ती पुस्तकं! मी मोठ्याने वाचताना तो डोळे मिटून ऐकायचा. मला वाटायचं चित्रकाराचं आयुष्य ऐकतोय. तो माझी जीभ कुठे अडखळते का, ते ऐकत होता. संशय घेण्यात मी मोठी समजत होते स्वतःला, आणि हा भोळा माणूस त्या अख्ख्या हिवाळ्यात माझ्यावर पाळत ठेवून होता.

"एकाच वेळी दोन गोष्टी वाकड्या दिसल्या," तो म्हणाला, "आणि मी दोन वेगळी निदानं केली. चित्र खोटं आणि तू आजारी. फायनल इयरच्या पोरालासुद्धा नापास केला असता मी."

"म्हणून त्या दिवशी पट्टी बघून..."

"पट्टी वाकडी दिसली तेव्हा कळलं ना," तो म्हणाला. "तुला काही झालेलं नाही."

भर बसमध्ये मला रडू फुटलं. समोरच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. बघू दे, म्हटलं. मला त्याच्यावर इतका राग आणि इतकं प्रेम एकदम आयुष्यात कधी आलं नव्हतं. मी नाक पुसलं, त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं आणि डोळ्यावरची झापड वर केली, जे डॉक्टरांनी करू नका म्हणून सांगितलं होतं.

"आता कशी दिसते?"

त्याने उजवा डोळा मिटला आणि बराच वेळ बघितलं.

"वाकडीच," तो म्हणाला. "पण बरी आहेस. मग दिसेनास का वाकडी."